शहराच्या मधोमध किल्ला कशाला? वँकूव्हरच्या ड्रिल हॉलची गोष्ट, आणि तिच्यात आपले लोक कुठे येतात

कॅनडातल्या वँकूव्हरला डाउनटाउनमध्ये स्टेडियम-चायनाटाउन स्टेशनला स्कायट्रेनमधून उतरून बीटी स्ट्रीटवर आलात की एका बाजूला बीसी प्लेसचं अवाढव्य स्टेडियम दिसतं, आजूबाजूला काचेचे टॉवर, आणि मध्येच एक वीट-दगडाची जाडजूड बिल्डिंग, दाराच्या दोन्ही बाजूंना गोल बुरूज, वर किल्ल्यासारखे कंगोरे, मधे एवढी मोठी कमान की आतून ट्रक बाहेर यावा. बाहेर जुने रणगाडे उभे आहेत. बहुतेक लोक रणगाड्यासमोर फोटो काढतात आणि मॅचला जातात. हा बीटी स्ट्रीट ड्रिल हॉल. उद्घाटन झालं ३० सप्टेंबर १९०१ ला, तेव्हाच्या ड्यूक ऑफ कॉर्नवॉल अँड यॉर्कच्या हस्ते, म्हणजे जो पुढे पंचम जॉर्ज झाला तोच. आणि ही बिल्डिंग अजूनही फौजेचीच आहे, आत अजूनही परेड होते.

मला या बिल्डिंगबद्दल लिहायचंय कारण ड्रिल हॉल हा प्रकार नीट कळला ना, की कॅनडा-अमेरिकेतल्या जुन्या शहरांचा अर्धा इतिहास उलगडतो, आणि या एका हॉलपुरतं बोलायचं तर त्यात कोमागाटा मारू हे जहाज आहे, महात्मा फुले ज्याच्यासमोर घोंगडी घेऊन उभे राहिले तो दुसरा एक ड्यूक आहे, आणि पंजाबातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा पण आहे. सगळं ओढूनताणून नाही, खरोखर जोडलेलं आहे.

आधी बेसिक प्रश्न. फौजेची बिल्डिंग शहराच्या मधोमध कशाला? आपल्या डोक्यात फौज म्हटलं की कॅन्टोन्मेंट येतं, म्हणजे पुण्यात कॅम्प, देवळाली, अहमदनगर, शहरापासून जरा बाजूला, मोकळी जागा, बंगले, मैदान. कारण ती पूर्णवेळ फौज होती, जवान तिथेच राहायचे, तिथेच खायचे. ड्रिल हॉल हा दुसऱ्याच प्रकारच्या सैनिकासाठी आहे. कॅनडाकडे पूर्णवेळ सैन्य फार थोडं होतं, १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा कायमस्वरूपी सैनिक साधारण ३,००० होते, एवढ्या मोठ्या देशात! बाकी सगळी भिस्त मिलिशियावर. मिलिशिया म्हणजे अर्धवेळ सैनिक, दिवसा बँकेत क्लार्क, दुकानात सेल्समन, लाकडाच्या गिरणीत कामगार, आणि आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी युनिफॉर्म घालून परेड. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे टेरिटोरियल आर्मी, जी १९४९ ला सुरू झाली, आणि थोड्या वेगळ्या कामासाठी १९४६ ला मुंबई प्रांतात सुरू झालेलं होमगार्ड.

आता विचार करा, माणूस सहा वाजता ऑफिसमधून सुटणार, घरी जाऊन दोन घास खाणार आणि परेडला येणार, तर परेडची जागा चालत किंवा ट्रामने येता येईल अशीच पाहिजे. शहराबाहेर दहा मैलांवर ठेवली तर कोणी येणारच नाही. आणि वँकूव्हरमध्ये हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधार, वर ऑक्टोबरपासून जो पाऊस लागतो तो मार्चपर्यंत पिच्छा सोडत नाही. म्हणजे मैदानात परेड करायची सोय नाही. मग पाहिजे काय? शहराच्या आत, छप्पर असलेलं, उजेड असलेलं एक मैदान. ड्रिल हॉल म्हणजे एवढंच, छपराखालचं मैदान. बाकी सगळं त्याच्याभोवती जोडलेलं. चांगल्या दिवसांत बाहेर परेड करायला हॉलच्या समोरच मोकळी जागा होती, कॅम्बी स्ट्रीट ग्राउंड्स, ज्याला पुढे लारविल पार्क म्हणायला लागले. तिथे खेळही चालायचे आणि कवायतही. नंतर तिथे बस डेपो आला, मग पार्किंग.

आता हे छपराखालचं मैदान बांधायचं म्हणजे काय भानगड आहे ते बघू, कारण मला त्यातलं इंजिनियरिंग खरंच सुंदर वाटतं. शंभर-दोनशे माणसं रांगेत चालणार, डावीकडे वळणार, उजवीकडे वळणार, रांगा मोडून परत जुळवणार, तर मध्ये एकही खांब चालत नाही. खांब आला की रांग फुटली. मग छत पेलणार कोण? उत्तर आपल्या कौलारू घरात आहे. आपले सुतार ज्याला कैची म्हणतात ना, त्रिकोणी चौकट, दोन तिरके वासे, खाली आडवी तुळई आणि मध्ये आधाराच्या पट्ट्या, तीच कैची प्रचंड मोठी करायची आणि एकापाठोपाठ एक अशी ओळीने लावायची. त्रिकोणाचं वैशिष्ट्य असं की त्याच्या बाजू मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही, चौकोन दाबला तर तिरका होतो, त्रिकोण होत नाही. छताचं सगळं वजन कैचीतून दोन टोकांना जातं आणि तिथून भिंतीत उतरतं. त्यामुळे भिंतीवर प्रचंड भार येतो, म्हणून या हॉलच्या भिंतींना बाहेरून ठरावीक अंतरावर विटांचे जाड टेकू दिलेले असतात. बाहेरून बघताना ते किल्ल्याचा थाट वाटतात, पण ते खरं काम करतायत.

ती मोठी कमान पण थाटासाठी नाही. पूर्ण तुकडी रांग न मोडता आत-बाहेर करू शकली पाहिजे, गरज पडली तर तोफ ओढत नेता आली पाहिजे, म्हणून दार तेवढं मोठं. मुख्य हॉलच्या कडेला छोट्या खोल्या असतात. एक ऑफिस, जिथे हजेरीपट आणि पगाराचा हिशोब. एक क्वार्टरमास्टरचं स्टोअर, बूट, पट्टे, ओव्हरकोट. एक शस्त्रांची खोली, आपल्या फौजेत जिला कोत म्हणतात, जाड भिंती, अरुंद खिडक्या, कारण शहराच्या मधोमध शेकडो रायफली ठेवायच्या म्हणजे चोरीची भीती आलीच. आणि मेस, अधिकाऱ्यांची वेगळी, सार्जंटांची वेगळी, शिपायांची वेगळी. मेसला कमी समजू नका, अर्धवेळ सैनिकाला परत परत यावंसं वाटलं पाहिजे ना, पगार तर नावालाच होता. परेड संपल्यावर मित्रांसोबत बसायला जागा, बिलियर्ड, नाच-गाण्याचे कार्यक्रम, बँड, हे सगळं होतं म्हणून पोरं टिकायची. जुन्या शहरांत ड्रिल हॉल हा एक प्रकारचा क्लबच असायचा.

एका बाबतीत मात्र थाट हा थाटच आहे, ते बुरूज आणि कंगोरे. १९०१ साली बुरुजावरून बाण कोण मारणार होतं? कॅनडा सरकारचा तेव्हाचा मुख्य आर्किटेक्ट डेव्हिड युअर्ट, त्याच्या खात्याने त्या काळात देशभर पोस्ट ऑफिसं, कस्टम हाउस, ड्रिल हॉल बांधले, आणि ड्रिल हॉलला किल्ल्याचं रूप द्यायची तेव्हाची पद्धतच होती. लांबून बघितल्यावर कळलं पाहिजे की इथे सरकार आहे, बंदुका आहेत. हा मेसेज कोणासाठी होता हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरचा शत्रू वँकूव्हरच्या बीटी स्ट्रीटवर येणार नव्हता.

अमेरिकेत याचं उत्तर उघडच आहे. १८७७ ला तिथे रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला, गोळीबार झाले, आणि त्यानंतर मोठ्या शहरांतल्या श्रीमंत लोकांनी भराभर आर्मरी, म्हणजे तिकडचे ड्रिल हॉल, बांधायला पैसे दिले. न्यूयॉर्कची पार्क अव्हेन्यूवरची सेव्हन्थ रेजिमेंट आर्मरी त्याच सुमाराची, तिचा हॉल ५५,००० स्क्वेअर फुटांचा. शहरातल्या गरीब वस्त्यांनी उठाव केला तर शहरातच तयार फौज पाहिजे, हा त्यामागचा सरळ हिशोब.

कॅनडात शब्द सौम्य होते, काम तेच. तिथल्या कायद्यात अशी तरतूद होती की गावातले मॅजिस्ट्रेट सही करून मिलिशिया बोलवू शकतात, पोलिसांना आवरत नसेल तर मदतीला. म्हणजे संप झाला, कारखानदार घाबरले, मॅजिस्ट्रेट बहुतेक त्यांच्याच ओळखीतले, सही झाली, आणि ड्रिल हॉलमधून पोरं निघाली. बीटी स्ट्रीटचा हॉल ज्या रेजिमेंटचा, तिने तो पूर्ण व्हायच्या आधीच ते केलं होतं. जुलै १९०० मध्ये वँकूव्हरच्या जवळ स्टीव्हस्टनला सॅमन मासेमारांनी भावासाठी संप केला, कॅनरीवाले, म्हणजे मासे डब्यात भरणारे कारखानदार, दर पाडत होते, आणि मिलिशिया पाठवली गेली. सॉकाय नावाची सॅमनची एक जात आहे, त्यावरून लोकांनी या सैनिकांना ‘सॉकाय फ्युझिलिअर्स’ असं नाव पाडलं. १९१३ ला व्हँकूव्हर बेटावर नानायमोच्या आसपास कोळसा खाणीचा संप पेटला तेव्हा परत मिलिशिया गेली आणि बराच काळ तिथे राहिली. विचार करा, हे सैनिक स्वतः कोण? दिवसा काम करणारे लोकच. आपल्याच शहरातल्या, आपल्यासारख्याच माणसासमोर बंदूक घेऊन उभं राहायचं. ड्रिल हॉल शहरात आहे कारण सैनिक शहरातला आहे, ही चांगली गोष्ट, पण त्यामुळेच फौज शहरातल्या भांडणात अगदी पटकन ओढता येते, ही त्याची दुसरी बाजू.

आता रेजिमेंटचं नाव. १८८३ ला ती गॅरिसन आर्टिलरी म्हणून सुरू झाली आणि १९०० साली तिचं नाव झालं सिक्स्थ रेजिमेंट, ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन रायफल्स. दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचा कॅनॉट हाच, व्हिक्टोरिया राणीचा मुलगा प्रिन्स आर्थर. आणि हा माणूस महाराष्ट्राला चांगला माहितीये, नाव लक्षात नसलं तरी. १८८६ ते १८९० तो मुंबई लष्कराचा सरसेनापती होता, म्हणजे पुण्याशी त्याचा थेट संबंध. २ मार्च १८८८ ला हरी रावजी चिपळूणकरांनी पुण्यात त्याच्यासाठी समारंभ ठेवला होता, दागदागिने, भरजरी कपडे, आणि तिथे जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात, घोंगडी घेऊन गेले आणि ड्यूकला सांगितलं की इथे जमलेल्या या श्रीमंत मंडळींवरून हिंदुस्थानची कल्पना करू नका, खरी प्रजा खेड्यात आहे, तिच्याकडे बघा, तिच्या शिक्षणाकडे बघा. आपण शाळेत हा प्रसंग वाचलेला असतो. मला तो इथे सांगावासा वाटला कारण पुढे २६ वर्षांनी त्याच खेड्यापाड्यांतली प्रजा, पंजाबातली शेतकरी माणसं, वँकूव्हरच्या किनाऱ्यावर आली तेव्हा कॅनडाचा गव्हर्नर जनरल कोण होता? हाच ड्यूक ऑफ कॅनॉट, १९११ ते १९१६. आणि त्यांना अडवायला किनाऱ्यावर जे सैनिक उभे केले त्यांत त्याच्याच नावाची रेजिमेंट होती.

ती गोष्ट थोडक्यात सांगून भागणार नाही. २३ मे १९१४ ला कोमागाटा मारू नावाचं जपानी जहाज वँकूव्हरच्या बंदरात आलं. बाबा गुरदित सिंग यांनी हाँगकाँगहून भाड्याने घेतलेलं. त्यावर ३७६ प्रवासी, ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, म्हणजे कागदावर त्यांना साम्राज्यात कुठेही जायचा हक्क. पण कॅनडाने १९०८ ला एक नियम केला होता, जन्मदेशातून थेट, न थांबता, एकाच तिकिटावर आलात तरच आत. नियमात भारताचं नाव कुठेच नाही, पण भारतातून कॅनडाला थेट जहाजसेवाच उपलब्ध नव्हती, त्यामुळे नियम नेमका कोणासाठी हे सगळ्यांना माहीत होतं. वर प्रत्येकाकडे २०० डॉलर पाहिजेत. तिथे आधीपासून राहत असलेल्या आपल्या लोकांचा मतदानाचा हक्क ब्रिटिश कोलंबियाने, म्हणजे वँकूव्हर ज्या प्रांतात आहे त्याने, १९०७ लाच काढून घेतला होता, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारा आमदार नाही, खासदार नाही. तरी त्यांनी किनाऱ्यावर समिती केली, पैसे गोळा केले, वकील दिला. कोर्टात हरले.

जहाज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, माणसं दिसतायत, पण उतरता येत नाही. अन्नपाण्याची मारामार. १९ जुलैच्या पहाटे सी लायन नावाची टग बोट भरून पोलीस आणि इमिग्रेशनची माणसं जहाज ताब्यात घ्यायला गेली, तेव्हा डेकवरच्या लोकांनी हाताला येईल ते, मुख्यतः कोळशाची ढेकळं, वरून फेकून त्यांना परतवून लावलं. मग सरकारने रेनबो ही युद्धनौका आणली, आणि किनाऱ्यावर मिलिशिया बोलावली, सिक्स्थ रेजिमेंट ड्यूक ऑफ कॅनॉट्स ओन रायफल्स, सीफोर्थ हायलँडर्स, आयरिश फ्युझिलिअर्स. बीटी स्ट्रीटपासून बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे. किनाऱ्यावर बघ्यांची गर्दी, समोर संगिनी लावलेल्या रायफली, आणि पाण्यात दोन महिने अडकलेली माणसं. २३ जुलैला जहाज परत फिरलं. आधीपासून कॅनडात राहणारे २० जण आणि जहाजावरचे डॉक्टर, त्यांची बायको-मूल, एवढेच उतरू शकले. बाकीचे कलकत्त्याजवळ बजबजला पोचले तेव्हा २९ सप्टेंबरला तिथे पोलिसांशी आणि सैन्याशी झटापट होऊन गोळीबार झाला, साधारण २० माणसं गेली.

जहाज गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत, ४ ऑगस्टला, महायुद्ध जाहीर झालं. आणि ज्या ड्रिल हॉलमधून पोरं बंदरावर गेली होती तिथूनच पोरं युरोपला गेली, बरीचशी सेव्हन्थ बटालियनमधून. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियमला ईप्र इथे जर्मनांनी क्लोरीन गॅस सोडला, त्या लढाईत ही बटालियन होती, तिच्यातल्या एडवर्ड बेल्यू या अधिकाऱ्याला २४ एप्रिलच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. दोन दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच आघाडीवर मदतीला कोण आलं? हिंदुस्थानी लाहोर डिव्हिजन. त्यात ४७वी शीख पलटण होती, तिची त्या एका दिवसात भयंकर हानी झाली. त्याच दिवशी जमादार मीर दस्त यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नऊ महिन्यांपूर्वी शिखांना किनाऱ्यावर पाय ठेवू न देणाऱ्या शहराची पोरं आणि ही शीख माणसं एकाच मातीत, एकाच विषारी हवेत. मला यावर काही टिप्पणी करायची नाहीये, फक्त या दोन तारखा शेजारी ठेवून कोणी बोलत नाही याचं वाईट वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात ही रेजिमेंट रणगाड्यांची झाली. बाहेर उभे असलेले रणगाडे त्यासाठी. ९ ऑगस्ट १९४४ ला नॉर्मंडीत रात्रीच्या अंधारात त्यांचा रस्ता चुकला, भलत्याच टेकडीवर पोचले, आणि दिवसभरात ४७ रणगाडे गमावले. हॉलच्या आत रेजिमेंटचं छोटं म्युझियम आहे.

आता पुढचं. १९४७ ला ब्रिटिश कोलंबियात आपल्या लोकांना मतदानाचा हक्क परत मिळाला, हळूहळू इमिग्रेशनचे नियम बदलले. १९७६ साली होशियारपूर जिल्ह्यातल्या बोंबेली गावातून पाच वर्षांचा हरजित सज्जन आईबरोबर आणि बहिणीबरोबर वँकूव्हरला आला. मोठा होऊन वँकूव्हर पोलिसात डिटेक्टिव्ह, आणि बाजूने याच रेजिमेंटमध्ये, जिला आता ब्रिटिश कोलंबिया रेजिमेंट म्हणतात, अर्धवेळ सैनिक. ड्रिल हॉल ज्या माणसासाठी बांधला होता, दिवसा नोकरी आणि संध्याकाळी परेड, अगदी तसाच. बॉस्नियाला गेला, अफगाणिस्तानला तीनदा गेला, आणि २०११ मध्ये या रेजिमेंटचा कमांडिंग ऑफिसर झाला, कॅनडाच्या लष्कराच्या रेजिमेंटचं नेतृत्व करणारा पहिला शीख. २०१५ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री. १८ मे २०१६ ला पंतप्रधान ट्रूडोंनी संसदेत कोमागाटा मारूबद्दल अधिकृत माफी मागितली तेव्हा त्यांनी हे भाषणात सांगितलं, की ज्या रेजिमेंटने त्या जहाजाला घालवलं तिचेच कमांडर राहिलेले सज्जन आज आपल्याबरोबर या सभागृहात बसलेत.

आता असे हॉल टिकतात कसे, हा खरा कठीण प्रश्न. डाउनटाउनची जमीन म्हणजे सोनं. टोरांटोची युनिव्हर्सिटी अव्हेन्यू आर्मरी प्रचंड मोठी होती, १९६३ ला पाडून कोर्टाची बिल्डिंग उभी केली. क्वेबेक सिटीचा हॉल ४ एप्रिल २००८ च्या आगीत जवळजवळ सगळा गेला, लाकडी छत क्षणात पेटलं, मग परत बांधून २०१८ ला उघडला. न्यूयॉर्कची पार्क अव्हेन्यू आर्मरी आता कला-नाटकासाठी चालते, आणि त्या खांब नसलेल्या हॉलमध्ये जे नाट्यप्रयोग होऊ शकतात ते दुसऱ्या कुठल्याच थिएटरमध्ये शक्य नाहीत. वँकूव्हरची वेगळी अडचण म्हणजे भूकंप, विटांची जुनी बिल्डिंग मजबूत करायची म्हणजे आतून स्टीलच्या चौकटी घालायच्या, भिंती छताला नीट बांधायच्या, आणि हे सगळं बाहेरचं रूप न बिघडवता. खर्चिक काम आहे, दिसत पण नाही, त्यामुळे असली कामं कायम मागे पडतात.

माझं मत विचाराल तर असा हॉल म्युझियम किंवा मॉल होण्यापेक्षा त्यात परेड चालू राहणं चांगलं. वापरात असलेल्या बिल्डिंगची गळती लगेच कळते. आणि लष्कर शहराबाहेर तारेच्या कुंपणामागे गेलं की लोकांचा त्याच्याशी संबंध तुटतो, आपल्या नावावर काय चाललंय ते कळत नाही.

वँकूव्हर-सरीकडचे मराठी लोक हे वाचत असतील तर एक सांगतो. कोल हार्बरला हार्बर ग्रीन पार्कमध्ये २०१२ पासून कोमागाटा मारूचं स्मारक आहे, प्रवाशांची नावं कोरलेली. तिथून बीटी स्ट्रीट पायी अर्ध्या तासाच्या आत येतं. पुढच्या वेळी घरचे पाहुणे आले की स्टॅनली पार्क दाखवून झाल्यावर हे दोन्ही एकाच फेरीत दाखवा, आधी स्मारक, मग हॉल, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना फुल्यांच्या घोंगडीपासून गोष्ट सांगायला सुरुवात करा.